वाघाची लांबी आणि शिकाऱ्याचा देह : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सीसिल नावाच्या सिंहाला एका अमेरिकी दंतवैद्याने बाण मारून जखमी केले आणि काही तासांनी ठार केले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या सिंहाच्या गळ्यात मागोवा घेणारा पट्टा बांधलेला असल्याने प्रकरण दडून राहिले नाही आणि जगभर ओरड झाली. त्या ओरडीत दोन सूर सहज वेगळे काढता येत होते. पहिला नीतीचा होता : भूक नाही, जिवाला धोका नाही, मग केवळ भिंतीवर मुंडके टांगण्यासाठी जीव घेण्याचा अधिकार कोणाला कसा मिळतो? दुसरा टवाळीचा होता : ज्याला एवढे मोठे जनावर मारून मिरवावेसे वाटते, त्याच्या स्वतःच्या अंगात काहीतरी उणे असणार. हे उणे कोणते, याविषयीचे विनोद बहुतेक कमरेखालचे होते.

वरवर पाहता या दोन सुरांचा एकमेकांशी संबंध नाही. एक पारलौकिक नसला तरी गंभीर प्रश्न आहे आणि दुसरा चावडीवरची थट्टा आहे. तथापि शिकारीच्या समर्थनाचा इतिहास पाहिला तर पुरुषाच्या देहाची चिंता त्यात सुरुवातीपासून मुरलेली आढळते, आणि नीतीच्या प्रश्नाला बगल देण्यासाठी त्या चिंतेचा उपयोग समर्थकांनी जितका केला तितकाच टीकाकारांनीही केला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडील धर्मशास्त्राने मृगयेला व्यसनांत ढकलले होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची कामज, म्हणजे इच्छेतून उपजणारी, व्यसने दहा सांगितली असून मद्यपान, द्यूत, स्त्रिया आणि मृगया ही चार त्यांत सर्वांत घातक मानली आहेत. कौटिल्याने मात्र द्यूत आणि मृगया यांची तुलना करताना मृगयेच्या बाजूने कौल दिला. त्याने दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत : व्यायाम होतो, कफ, पित्त, मेद आणि घाम यांचा नाश होतो, हलत्या आणि स्थिर शरीरावर नेम धरण्याचा सराव होतो, आणि कोपाच्या व भयाच्या वेळी जनावराचे चित्त कसे असते ते कळते. या यादीत जनावराच्या जिवाचा विचार कोठेच नाही. राजाचे पोट आणि राजाचा नेम, एवढ्यावर निकाल लागला आहे.

कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात हीच यादी जवळजवळ जशीच्या तशी सेनापतीच्या तोंडी घातली. मेद झडून उदर कृश होते, शरीर हलके आणि उद्योगाला योग्य बनते, चल लक्ष्यावर बाण लागणे हा धनुर्धराचा उत्कर्ष होय. तेव्हा ‘मिथ्यैव व्यसनं वदन्ति मृगयाम्’, म्हणजे मृगयेला लोक उगाच व्यसन म्हणतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच्या थोडे आधी तो दुष्यंताचा देह न्याहाळून म्हणतो की राजाची गात्रे झडली असली तरी व्यायामाने ती अशी पिळदार झाली आहेत की कृशता लक्षात येत नाही, आणि डोंगरात फिरणाऱ्या हत्तीसारखे बळ त्यांत आहे. हे सारे गंभीरपणे घेणाऱ्या वाचकाला कालिदासाने एक चिमटाही काढून ठेवला आहे. या स्तुतीपूर्वी सेनापती विदूषकाच्या कानाशी लागून सांगतो की गड्या, तू आपला विरोध नेटाने चालू ठेव, मी आपला धन्याच्या मनासारखे बोलतो. शिकारीने पुरुषाचा देह घडतो, हा सिद्धांत आपल्या नाट्यवाङ्मयातल्या या प्रसिद्ध प्रवेशात येतो तो एका हुजऱ्याच्या खुशामतीच्या रूपाने. आणि पहिल्या अंकात आश्रमातील तपस्वी हात वर करून राजाला अडवतो तेव्हा देहाबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘आर्तत्राणाय वः शस्त्रं न प्रहर्तुमनागसि’ : तुमचे शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, निरपराधावर चालवण्यासाठी नाही. तपस्वी शस्त्राचा हेतू विचारतो, सेनापती शस्त्रधाऱ्याच्या पोटाचा घेर सांगतो. पुढची दीड हजार वर्षे वाद या दोन टोकांमध्येच फिरत राहिला.

राजांनी स्वतःहून शिकार सोडल्याची उदाहरणेही जुनी आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखात म्हटले आहे की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत आणि तेथे मृगया चाले. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी धर्मयात्रा सुरू केल्या. याच लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. मोगल काळात हिशेबाला वेगळेच महत्त्व आले. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारींची नोंदच करून ठेवली असून त्याच्या उपस्थितीत मारली गेलेली जनावरे २८,५३२ आणि त्याने स्वतः मारलेली १७,१६७ असे आकडे दिले आहेत. जनावरांची वजने आणि मापे लिहून ठेवण्याचाही त्याला नाद होता. त्याच बादशहाने नातू शुजा आजारी पडला असता आपल्या हाताने कोणत्याही जिवाला इजा न करण्याचा नवस केला, यावरून हिशेब ठेवणाऱ्याच्या मनातही टोचणी होती असे दिसते. शिकार म्हणजे मर्दानगी हे समीकरण त्याच्या दरबारात निरपवाद नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते, कारण नूरजहाँने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचे त्यानेच कौतुकाने लिहिले आहे.

हे समीकरण घट्ट झाले ते ब्रिटिश अमदानीत, आणि त्यामागे राज्यकर्त्यांची गरज होती. मेकॉलेने १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली पुरुषाचा देह बायकी म्हणावा इतका दुबळा असल्याचे लिहिले होते. १८५७ नंतर लष्करभरतीसाठी लढवय्या आणि बिगरलढवय्या जाती अशी वर्गवारी रुजली, उंची आणि छाती मोजून माणसांची प्रतवारी होऊ लागली. १८७८ च्या हत्यार कायद्याने या वर्गवारीवर शिक्कामोर्तब केले. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. रानडुकरे पीक उकरत असताना हातात काठी घेऊन उभा राहिलेला शेतकरी आणि त्याच रानात हौसेखातर रायफल घेऊन आलेला अधिकारी, या दोघांमधले अंतर कायद्याने निर्माण केलेले होते. पण त्याचे स्पष्टीकरण देताना देहाचे आणि धैर्याचे दाखले दिले गेले. निःशस्त्र केलेल्या माणसाला भित्रा म्हणणे सोपे असते.

याच काळात ‘स्पोर्ट्समन’ नावाची एक नैतिक व्यक्ती उभी राहिली. बसलेल्या पाखरावर गोळी झाडू नये, पिल्लांसह असलेली मादी मारू नये, जखमी जनावर रानात तसेच सोडू नये, फासे, जाळी आणि विष वापरू नये, जनावराला निसटण्याची संधी द्यावी, असे तिचे संकेत होते. यांतील काही संकेत खरोखर दयेचे होते, आणि जखमी वाघामागे पायी गेलेल्या शिकाऱ्यांपैकी काहींनी त्यापायी प्राण गमावले. पण संकेतांची रचना बारकाईने पाहिली तर कोणती हत्या वीराची आणि कोणती चोराची हे ठरवणे, हे त्यांचे मुख्य काम होते असे दिसते. पोटासाठी फासे लावणारा फासेपारधी या नीतीत बसत नव्हता. तित्तिर-लावे आणि काळवीट फाशांत धरण्याचे त्याचे पिढीजात कसब होते. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आणि त्याच्या १९११ मधील देशव्यापी आवृत्तीच्या छायेत पारध्यांची गणना जन्मजात गुन्हेगारांत झाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांच्या वहीतले नाव तेवढ्याने पुसले गेले नाही, आणि पुढे वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने उरलेसुरले कसबही बेकायदा ठरले. साहेब आणि संस्थानिक यांच्या शिकारीला मात्र पराक्रमाचे नाव मिळाले होते. डिसेंबर १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत गेला तेव्हा त्याच्या ताफ्याने ३९ वाघ मारले.

प्रत्यक्ष रानात धोका कोणाच्या देहाला होता, हे पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. हाक्याच्या शिकारीत आदल्या रात्री रेडा बांधला जाई, तो मारला गेला की गावकऱ्यांना गोळा करून अर्धवर्तुळात उभे केले जाई, आणि डबे-ढोल वाजवत ती माणसे पायी, बहुधा केवळ काठ्या-कुऱ्हाडी घेऊन, वाघाला पुढे रेटत. साहेब मचाणावर किंवा हत्तीवर असे. चवताळून मागे फिरलेला वाघ आधी हाकेकऱ्यांवर पडे. छायाचित्रात मात्र हे हाकेकरी मागच्या रांगेत उभे असतात, किंवा नसतातच. पुढे वाघ, त्याच्यावर पाय किंवा बंदुकीचा दस्ता, आणि मध्यभागी साहेब. शिकारी जनावराच्या थोडा मागे बसला आणि कॅमेरा खाली ठेवला की जनावर आहे त्यापेक्षा बरेच मोठे दिसते, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

डोळ्यांना फसवता येते म्हणून मोजपट्टी आली, आणि मोजपट्टीलाही फसवता येते हे लगेच सिद्ध झाले. वाघ मोजण्याच्या दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत वाघाला सपाट जमिनीवर आडवा करून, मान आणि शेपूट ओढून सरळ करत. नाकाच्या शेंड्याशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकत, मग धड बाजूला सारून दोन खुंट्यांमधले सरळ अंतर मोजत. दुसऱ्या रीतीत फीत नाकावरून कपाळ, मान, पाठीचा कणा अशी अंगाच्या उंचसखल भागांवरून फिरवत शेपटीच्या टोकापर्यंत नेत. साहजिकच दुसरे माप काही इंचांनी मोठे भरे, आणि फीत किती सैल सोडायची हे मोजणाऱ्याच्या निष्ठेवर अवलंबून राही. सोललेले कातडे ताणून सुकवले तर त्याहून अधिक लांबी मिळे, म्हणून जाणते शिकारी कातड्याच्या मापावर विश्वास ठेवत नसत. शेपटीचा वाटा एकूण लांबीत जवळजवळ एक तृतीयांश असल्याने लांब शेपटीचा बेताचा वाघही कागदावर भारी ठरे. जिम कॉर्बेटने १९३० मध्ये मारलेल्या पवलगढच्या प्रसिद्ध वाघाचे माप १० फूट ७ इंच होते, आणि ते अंगावरून घेतलेले आहे हे त्याने आवर्जून सांगितले. सर्वांनाच एवढा प्रामाणिकपणा परवडत नव्हता. व्हाइसरॉयच्या वाघांसाठी म्हणे अकरा इंचांचा फूट असलेली खास फीत ठेवलेली असते, असा विनोद शिकारी वर्तुळात रूढ होता. १८९२ पासून लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या पेढीने जगभरातील शिंगे, सुळे आणि वाघ यांच्या मापांची विक्रमवही छापायला सुरुवात केली, आणि आपल्या जनावराचे नाव त्या वहीत यावे ही अनेक प्रतिष्ठित गृहस्थांची महत्त्वाकांक्षा झाली.

या महत्त्वाकांक्षेच्या काळातच ब्रिटिश पुरुषाच्या स्वतःच्या देहाबद्दलची धास्ती शिगेला पोहोचली होती, हा योगायोग मानणे कठीण आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी औद्योगिक शहरांतून भरतीला आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग खुजा, किडक्या दातांचा आणि अरुंद छातीचा निघाला. सैन्यासाठी किमान उंचीची अट खाली आणावी लागली आणि शारीरिक ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला. दुसरीकडे युजेन सँडो हा पहिलवान आपले दंड, छाती आणि कंबर यांची मापे जाहिरातींत छापून व्यायामाची साधने विकत होता. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने पिळदार देहांची स्पर्धा भरवली, तिच्या परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होता. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही फिरून गेला. वाघाच्या नाकापासून शेपटीपर्यंत आणि माणसाच्या दंडाभोवती फिरणारी फीत अशी एकाच पिढीच्या हातात होती.

लॉर्ड कर्झनचे उदाहरण येथे विसरून चालणार नाही. १९०२ मध्ये निजामाच्या राज्यात काढलेले, मेलेल्या वाघामागे तो आणि लेडी कर्झन उभे असल्याचे छायाचित्र साम्राज्याच्या रुबाबाचा नमुना म्हणून आजही पुस्तकांत छापले जाते. त्या ताठ पवित्र्याखाली पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी घातलेला आधारपट्टा असे, आणि त्याची वेदना कर्झनला जन्मभर पुरली. याच कर्झनने गीरमधील सिंहाची शिकार नाकारून जुनागढच्या नबाबाला सिंहांच्या संरक्षणाचा सल्ला दिला होता. तेव्हा ज्याचा देह दुखरा तो शिकारीत क्रूर, असे सरळ गणित मांडणाऱ्यांना कर्झन दोन्ही बाजूंनी अडचणीचा आहे.

राज्यकर्त्यांचा हा देहवाद हिंदी तरुणांनी किती आत घेतला, याची सर्वांत बोलकी साक्ष गांधीजींच्या आत्मकथेत आहे. त्यांच्या शाळकरी दिवसांत नर्मद कवीच्या काही ओळी मुलांच्या तोंडी होत्या. इंग्रज राज्य करतो आणि देशी माणूस दबून राहतो, कारण दोघांची शरीरे पाहा, तो पुरा पाच हात उंच आणि एकटा पाचशेंना पुरून उरणारा, असा त्यांचा आशय होता. काटकुळ्या, अंधाराला आणि सापाला भिणाऱ्या मोहनदासाला एका धडधाकट मित्राने पटवले की ही उंची मांसाची करामत आहे. नदीकाठी चोरून खाल्लेले बकऱ्याचे मांस चामड्यासारखे लागले आणि रात्री पोटात जिवंत बकरी बें बें करत असल्याचा भास झाला. येथे शिकार नाही, पण वादाचा सांगाडा तोच आहे : जीव घेणे योग्य की अयोग्य हा प्रश्न बाजूला पडून, त्याने आपली उंची वाढेल की नाही हा प्रश्न पुढे आला. गांधीजींनी पुढे तो प्रश्न आईवडिलांशी खोटे न बोलण्याच्या निमित्ताने सोडवला, आणि शाकाहाराची नैतिक बाजू त्यांना विलायतेत गेल्यावर उमगली.

महाराष्ट्राने या धास्तीला दिलेले उत्तर बंदुकीचे नव्हते, तालमीचे होते. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अशक्त प्रकृती सुधारण्यासाठी व्यायामाला वाहून घेतले, ही हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितली आहे. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः धिप्पाड होते. त्यांच्या संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याचा मोठा शौक होता, पण लोकांच्या स्मरणात त्यांचा ठसा राहिला तो १९१२ च्या खासबाग मैदानाचा आणि कुस्तीला दिलेल्या आश्रयाचा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा प्रवास तर थेट सँडोपासून सुरू होतो. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तक मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला, मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले आणि जन्मभर त्याचे प्रचारक झाले. जनावर न मारता देह घडतो, हे दाखवायला एवढे पुरेसे होते. मग कौटिल्याच्या यादीतला मेद झडण्याचा मुद्दा शिकारीच्या समर्थनात उरतोच कशाला, असा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

अमेरिकेत हा सगळा वाद एका माणसाच्या आयुष्यात एकवटला. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट लहानपणी दम्याने बेजार आणि किरकोळ अंगाचा होता. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेत गेल्यावर त्याच्या बारीक आवाजाची आणि झोकदार पोशाखाची वर्तमानपत्रांनी बायकी म्हणून टर उडवली. पुढच्याच वर्षी तो डकोटाच्या माळावर रानरेडा मारायला गेला, आणि १८८५ मध्ये कातडी झालरीचा पोशाख घालून, हाती रायफल आणि कमरेला टिफनी या उंची जवाहिऱ्याच्या दुकानातला सुरा अशा थाटात त्याने छायाचित्र काढून घेतले. ते काढले होते न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. तरीही त्याला निव्वळ बहुरूपी म्हणता येत नाही. १८८७ मध्ये त्याने स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटण्याची न्याय्य संधी देण्याचा दंडक घातला आणि जंगलांच्या संरक्षणासाठी कायदे करवून घेतले. १९०२ मध्ये मिसिसिपीत झाडाला बांधलेले अस्वल मारायला त्याने नकार दिला, ज्यावरून पुढे खेळण्यातल्या टेडी अस्वलाला नाव मिळाले. आणि १९०९-१० च्या आफ्रिका मोहिमेत त्याने व मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली, तीही संग्रहालयासाठी. व्हिएन्नात लहानपणी मुडदुसाने ग्रासलेला अल्फ्रेड ॲडलर याच सुमारास, १९०७ मध्ये, अवयवांच्या न्यूनतेवरचा ग्रंथ लिहून न्यूनत्वाची भावना आणि तिची भरपाई हा सिद्धांत मांडत होता. सीसिल प्रकरणातले कमरेखालचे विनोद म्हणजे ॲडलरची फार पातळ केलेली आवृत्ती होय. ॲडलरच्या मते न्यूनत्वाची भावना सर्वांनाच असते आणि तिच्यातून चांगलेही काही घडते, हा भाग विनोदात गळून पडला.

भारतात शौकाच्या शिकारीचा शेवट कायद्याने झाला. मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी स्थापन केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. सोसायटीच्या नियतकालिकात पूर्वी भल्या मोठ्या वाघ-बिबळ्यांच्या मापांची टिपणे येत, आणि याच नियतकालिकाकडे मध्य भारतातील कोरिया संस्थानाच्या महाराजांनी १९४७ मध्ये मारलेल्या तीन चित्त्यांची वार्ता छायाचित्रासह पोहोचली. भारतातील मूळच्या चित्त्यांपैकी ते नोंदलेले शेवटचे ठरले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला.

बंदुकीची शिकार बंद झाली तरी पुरुषाच्या देहाच्या चिंतेपायी होणारी हत्या बंद झाली नाही. तिने रस्त्याच्या कडेला दुकान मांडले. सांड्याच्या तेलाचे विक्रेते शहरांतील बाजारांत आणि स्थानकांबाहेर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वर्णनाची गरज नाही. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये बिळांत राहणारा, काटेरी शेपटीचा, गवत-पाला खाणारा हा गरीब सरडा बिळातून उकरून काढला जातो, पळू नये म्हणून त्याची पाठ मोडली जाते आणि तशा जिवंत अवस्थेत त्याला गिऱ्हाइकासमोर मांडून त्याच्या चरबीचे तेल काढले जाते. ते चोळल्याने इंद्रियाचा आकार आणि ताठरता वाढते, ही समजूत निराधार आहे. ती चरबी आहे, एवढेच. कायद्याने सांड्याला संरक्षण आहे, पण त्याच्या बाजूने मोर्चे निघत नाहीत. वाघ मारणाऱ्याच्या न्यूनगंडावर विनोद करणारा समाज या तेलाच्या गिऱ्हाइकाबद्दल गप्प बसतो, आणि तो गिऱ्हाईक बहुधा त्याच समाजातला, डॉक्टरकडे जायला लाजणारा सामान्य माणूस असतो. खऱ्या अर्थाने देहाच्या आकारापायी कोणता प्राणी मरत असेल तर तो हा.

संशोधकांनी अलीकडे या विषयाकडे थट्टा सोडून पाहिले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात काही मानवशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञांनी असे मांडले की मोठ्या, दुर्मीळ आणि महागड्या जनावराची शिकार म्हणजे ‘मला हा खर्च झेपतो’ असे इतरांना दिसेल अशा रीतीने सांगणे होय. म्हणजे ती उणिवेची कबुली नसून ऐपतीची जाहिरात असू शकते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या राम माउंटन येथील रानमेंढ्यांवरील २००३ च्या अभ्यासात, सर्वांत मोठ्या शिंगांचे नर सुमारे तीस वर्षे निवडून मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांत शिंगे आणि वजन घटत गेल्याचे आढळले. घट नेमकी किती आणि तीत शिकारीचा वाटा किती यावर पुढे मतभेद झाले. मोठेपणा मोजून मारण्याने मोठेपणाच दुर्मीळ होतो, ही शक्यता मात्र विक्रमवहीच्या काळातील कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. याच्या नेमक्या उलट रीत कालाहारीतील कुंग लोकांत मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी पाहिली. तेथे तरुणाने मोठे जनावर मारून आणले की सारे जण त्याला नावे ठेवतात, हे काय हाडांचे गाठोडे आणलेस म्हणून हिणवतात. ली यांनी नाताळसाठी विकत घेतलेल्या धष्टपुष्ट बैलाचीही तीच संभावना झाली, तेव्हा कारण विचारल्यावर त्यांना सांगण्यात आले की मांस आणणारा स्वतःला मोठा समजू लागतो, आणि त्याचा ताठा उद्या माणसाच्या जिवावर उठेल.

आपल्याकडे हा वाद पुन्हा पेटला तो २०१६ च्या जूनमध्ये, बिहारमधील मोकामा भागात. पिकांची नासधूस करणाऱ्या रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, उपद्रवी ठरवण्यात आले होते आणि ते मारण्यासाठी हैदराबादेहून बंदूकधारी बोलावले गेले. काही दिवसांत दोनशेंहून अधिक रोही मारले गेले. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ही मारण्याची हाव असल्याचा आरोप केला, तर पर्यावरण खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्याच्या मागणीवरून आणि शेतकऱ्यांच्या नुकसानीमुळे परवानगी दिल्याचे सांगितले. एकाच मंत्रिमंडळातील दोघांपैकी एकाने मारणाऱ्याच्या मनाबद्दल बोलावे आणि दुसऱ्याने पिकाबद्दल, असे ते भांडण झाले. विदर्भ-मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यांच्या हरभऱ्यात आणि तुरीत रोही व रानडुकरे शिरतात त्यांच्याही मागण्यांवर आज हीच दोन उत्तरे मिळतात, आणि परवाना मिळाला तरी झाडायला बंदूक कोणाकडे आहे, हा १८७८ पासूनचा प्रश्न गावात तसाच आहे.